तळाला गेलं, पण संपलं नाही

स्वित्झर्लंड आणि फ्रान्सच्या सीमेवरचं जिनिव्हा सरोवर सर्वांत खोल जागी सुमारे ३१० मीटर खोल आहे. तिथे उजेड पोचत नाही. साहजिकच त्या तळाविषयी पुष्कळ गोष्टी गृहीत धरल्या जातात. पण या सरोवराचा अभ्यास शंभराहून अधिक वर्षं चालू आहे आणि त्यातून दिसणारं चित्र बरंच वेगळं आहे.

गैरसमज : खोल तळ शांत असतो, गाळ वरून सावकाश आणि सगळीकडे सारखा बसतो.

वस्तुस्थिती : बारीक कण हळूहळू खाली येतात हे खरं. पण बराचसा गाळ तळावरूनच वाहत येतो. ऱ्होन नदीचं हिमनद्यांचं पाणी उन्हाळ्यात थंड आणि गढूळ असतं, म्हणजेच सरोवराच्या वरच्या पाण्याहून जड. मुखापाशी ते बुडी मारतं आणि त्यात गाळ पुरेसा असेल तेव्हा उतारावरून खोल तळाकडे धाव घेतं. अशा प्रवाहांच्या वाटेवर पाण्याखाली कित्येक किलोमीटर लांबीची घळ तयार झाली आहे. सरोवरशास्त्राचा पाया घालणाऱ्या फ्रान्स्वा फोरेल यांनी तिचा उलगडा १८८०च्या दशकात केला.

कधी तळ एका दिवसात बदलतो. इ.स. ५६३मध्ये ऱ्होनच्या खोऱ्यात डोंगरकडा कोसळला आणि सरोवरात प्रचंड लाट उसळली. त्या वेळचा गाळाचा थर जिनिव्हा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२मध्ये जगापुढे मांडला : १० किलोमीटरहून लांब, ५ किलोमीटर रुंद आणि सरासरी ५ मीटर जाड.

गैरसमज : प्रदूषक पाण्यात विरघळतात आणि पाण्याबरोबर निघून जातात.

वस्तुस्थिती : पारा, शिसं, पीसीबी (क्लोरीनयुक्त औद्योगिक रसायनं) यांसारखी द्रव्यं चिकणमातीच्या आणि सेंद्रिय पदार्थांच्या कणांना चिकटतात. कण जितका बारीक, तितका वजनाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग मोठा आणि त्यावरचं विषही जास्त. त्यातच या सरोवराचं पाणी पूर्ण बदलायला सरासरी ११ वर्षं लागतात. तेवढ्या काळात कण खाली बसून जातात. लोझान शहराजवळच्या विदी उपसागरात १९६४पासून सांडपाणी प्रक्रिया केंद्राचं पाणी सोडलं जात आहे. पाणी प्रक्रिया केलेलं असूनही तिथल्या गाळात जड धातू मोठ्या प्रमाणात साचले आहेत.

गैरसमज : प्रदूषण थांबलं की तळही लगेच सुधारतो.

वस्तुस्थिती : १९७०च्या दशकाच्या अखेरीस इथल्या पाण्यात लिटरमागे ९० मायक्रोग्रॅमच्या आसपास फॉस्फरस होता. सांडपाण्यातून तो काढायला सुरुवात झाली, १९८६मध्ये स्वित्झर्लंडने कपड्यांच्या डिटर्जंटमध्ये फॉस्फेट वापरायला बंदी घातली, आणि हळूहळू हे प्रमाण २०च्या खाली आलं. तरी तळातला साठा तसाच आहे. तिथला ऑक्सिजन संपला, की लोहाशी बांधलेला फॉस्फरस सुटून पुन्हा पाण्यात येतो. कडक हिवाळ्यात वरचं थंड पाणी खाली जातं, तेव्हा तळाला ऑक्सिजन मिळतो. २०१२च्या हिवाळ्यानंतर मात्र दहाहून अधिक वर्षं सरोवर तळापर्यंत घुसळलं गेलं नाही.

सुधारणेची नोंदही याच गाळात सापडते. संशोधक प्लास्टिकची लांब नळी तळात उभी रुतवतात, वर आणून उभी चिरतात आणि आतले राखाडी-काळपट थर एकेक करून तपासतात. किरणोत्सर्गी सीझियम-१३७ दोन थरांत एकदम वाढलेलं दिसतं : एक १९६३च्या सुमाराचा, अणुचाचण्यांचा; दुसरा १९८६चा, चेर्नोबिलच्या अणुदुर्घटनेचा. या दोन खुणांवरून मधल्या थरांचं वय काढता येतं. वरच्या नव्या थरांत शिसं आणि पारा कमी होत गेलेले दिसतात. जास्त दूषित थर त्यांच्याखाली गाडले गेले आहेत.

गैरसमज : गाळ उपसला की प्रश्न मिटला.

वस्तुस्थिती : उथळ तलावात उपसा कधी उपयोगी पडतो. खोल सरोवरात मात्र गाडलेलं विष त्याने पुन्हा पाण्यात मिसळू शकतं. स्विस सैन्याने १९१८ ते १९६४ या काळात थून, ब्रिएन्झ आणि ल्युसर्न या इतर सरोवरांत हजारो टन दारूगोळा बुडवला. आज त्यावर काही ठिकाणी दोन मीटरपर्यंत गाळ आहे. हा दारूगोळा काढताना स्फोटाचा धोका आहेच; शिवाय ढवळलेल्या गाळामुळे तळाचा ऑक्सिजन घटण्याची भीती आहे. म्हणून सरकारने २०२४मध्ये सुरक्षित उपाय सुचवण्यासाठी स्पर्धा जाहीर केली. तसा उपाय मिळेपर्यंत पाण्याची आणि गाळाची नियमित तपासणी चालू आहे.

नवी भर रोखण्याचं काम मात्र पाणी सरोवरात पडण्याआधीच करता येतं. २०१६पासून स्विस कायद्याने मोठ्या सांडपाणी केंद्रांना औषधांचे अंश आणि इतर सूक्ष्म प्रदूषक वेगळे काढणं बंधनकारक केलं आहे. हेही लक्षात घेऊन लोझानने विदीचं केंद्र नव्याने उभारायला घेतलं.