रक्तातला इशारा : डी-डायमर

मे २०२१ मध्ये तंजावरला माझे आजोबा कोरोनामुळे रुग्णालयात होते. रोज संध्याकाळी बाबा फोनवर विचारत, "डी-डायमर किती?" मला शब्द कळत नव्हता, बाबांचा आवाज मात्र कळत होता.

जखम झाली की रक्तात फायब्रिनच्या धाग्यांची जाळी तयार होऊन गुठळी बनते. काम झाल्यावर शरीर ही जाळी विरघळवते. तिचे उरलेले तुकडे म्हणजे डी-डायमर. कोरोनात रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा होते, फुप्फुसांत गुठळ्या होतात आणि हे तुकडे वाढतात. २०२० मध्ये वुहानच्या १९१ रुग्णांच्या अभ्यासात, दाखल होताना ज्यांचा डी-डायमर मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅमहून जास्त होता, त्यांना मृत्यूचा धोका बराच अधिक दिसला.

तरी एवढ्यावरून कोण वाचेल हे ठरत नाही. वाढते वय, शस्त्रक्रिया, इतर संसर्ग यांनीही हा आकडा वाढतो. तो पहारेकऱ्याच्या शिट्टीसारखा आहे. शिट्टी वाजली की डॉक्टर रुग्णाची पुन्हा नीट तपासणी करतात आणि गरजेप्रमाणे गुठळ्या रोखणारे हेपारिन देतात.

आजोबांचा आकडा वाढला होता. त्यांना हेपारिन दिले. अठराव्या दिवशी ते घरी आले आणि पोटावरचे इंजेक्शनचे काळेनिळे डाग त्यांनी मला पदकांसारखे दाखवले.