हातात मोबाईल आला, अभ्यासाला सोबत कोणाची?

चाळीत, झोपडपट्टीत, गावकुसाबाहेरच्या बौद्धवाड्यात आज मोबाईल पोहोचला आहे. घरात अभ्यासाला वेगळी खोली नाही, पण मोबाईल आहे. बऱ्याच घरांत तो हप्त्याने घेतलेला असतो. पोरांचे शिक्षण थांबू नये, एवढीच आईबापांची इच्छा असते. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा फोनवाचून होणारे हाल आपल्या समाजाने भोगले आहेत. घरात फोन एक आणि शिकणारी मुले तीन. तो फोन घेऊन बाप कामावर गेला की तिघांचाही वर्ग बुडायचा. आज फोन आहे, रिचार्जही आहे. मग अभ्यास वाढला का, हा प्रश्न प्रत्येक पालकाने स्वतःला विचारला पाहिजे.

'असर' या संस्थेने २०२४ साली ग्रामीण भारतात पाहणी केली. १४ ते १६ वयाच्या १०० मुलांपैकी ८२ मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांपैकी ५७ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, तर समाजमाध्यमांसाठी वापरणारे ७६ टक्के होते. फोन वापरता येणाऱ्या मुलांत स्वतःचा फोन ३६ टक्के मुलग्यांकडे होता, मुलींपैकी २७ टक्क्यांकडेच. म्हणजे फोन घरात आला तरी तो आधी मुलाच्या हातात जातो. ज्या समाजाने सावित्रीबाईंना आई मानले, त्या समाजाने तरी आपल्या घरात असे होऊ देऊ नये.

फुकट मिळणारा खजिना

फोन वाईट आहे, असे आमचे म्हणणे नाही. पूर्वी एका पुस्तकासाठी वाचनालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागत. आज बालभारतीची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. पुस्तकातील चौकोनी क्यूआर कोड 'दीक्षा' ॲपने स्कॅन केला की त्या धड्याचे साहित्य समोर येते. महाविद्यालयीन मुलांसाठी केंद्र सरकारचे 'स्वयं' आहे. तेथे नामवंत प्राध्यापकांचे पाठ फुकट ऐकता येतात. फक्त प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची असेल तर शुल्क पडते. लोकसेवा आयोगाच्या जुन्या प्रश्नपत्रिका आयोगाच्या संकेतस्थळावर आहेत. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन आणि भाषणांचे खंडही आज फोनवर विनामूल्य वाचता येतात. हे सारे असताना आपली मुले दोन तास कशावर घालवतात?

शिष्यवृत्तीचा मार्गही आता याच यंत्रातून जातो. दहावीनंतरच्या शिष्यवृत्तीचा अर्ज 'महाडीबीटी' वर भरावा लागतो. त्याचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते, आणि बँक खाते आधारशी जोडलेले नसेल तर पैसे अडकतात. जातवैधता प्रमाणपत्राचा अर्जही ऑनलाईनच आहे. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. वस्तीत असे अर्ज भरताना आम्ही पाहतो की, दिवसभर व्हिडिओ पाहणाऱ्या मुलाला उत्पन्नाचा दाखला नीट चढवता येत नाही. बोट सराईत झाले म्हणजे शिक्षण झाले, असे समजू नका.

धोके ओळखा

पहिला धोका लक्ष उडण्याचा. युनेस्कोच्या २०२३ च्या अहवालानुसार, विद्यार्थ्याचे लक्ष एकदा विचलित झाले की पुन्हा अभ्यासात येण्यास २० मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो. तासाभरात तीनदा फोन वाजला तर त्या तासात उरले काय?

दुसरा धोका पैशाचा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदा केला. तरी कुठली ना कुठली लिंक येतच राहते. शिष्यवृत्ती मंजूर झाली असे सांगून ओटीपी विचारणारेही फोन येतात. ओटीपी कुणालाही सांगू नये, आणि फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे.

तिसरा धोका तयार उत्तराचा. कृत्रिम बुद्धिमत्तेला प्रश्न विचारला की क्षणात निबंध तयार होतो, मूल तो वहीत उतरवते, शिक्षक सही करतात. परंतु परीक्षेच्या खोलीत फोन नसतो, मुलाखतीतही नसतो. पिढ्यान् पिढ्या ज्यांच्या हातात लेखणी येऊ दिली नाही, त्यांच्या नातवंडांनी ती आपण होऊन खाली ठेवावी काय? शिवाय हे यंत्र ठामपणे चुकीचेही सांगते. शब्दाला शब्द जुळवून ते वाक्य बनवते, खरेखोटे तपासण्याची खात्री त्यात नसते. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाची तारीख त्याने सांगितली तरी ती पुस्तकात पाहून घ्यावी. २० मार्च १९२७ ही तारीख आपल्या मुलांना यंत्राला विचारावी लागू नये, ही गोष्ट वेगळी.

बाबासाहेबांच्या छायाचित्राखाली वाटेल ते वाक्य छापून व्हॉट्सॲपवर फिरवले जाते आणि आपण 'जयभीम' लिहून ते पुढे ढकलतो. तथागतांनी केसपुत्त गावच्या कालामांना हाच इशारा दिला होता. ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, ग्रंथात आहे किंवा गुरूने सांगितले आहे, एवढ्यावर काही मानू नका. स्वतः पारखून घ्या आणि हिताचे असेल तेच स्वीकारा. आजच्या मुलांना फोन हाती देण्यापूर्वी कालाम सुत्त समजावून सांगणे आवश्यक आहे.

सोबत हवी

"आम्ही अडाणी, आम्हाला त्यातले काय कळते?" असे अनेक माताभगिनी म्हणतात. त्यांना आमची विनंती आहे की, परळच्या त्या एका खोलीची आठवण ठेवा. सुभेदार रामजीबाबा भीमरावाला लवकर झोपवत आणि पहाटे दोनच्या सुमारास अभ्यासाला उठवत. पुस्तकासाठी लेकींचे दागिने मागून गहाण टाकत. ती सोबत होती, म्हणून त्या खोलीतल्या मिणमिणत्या दिव्याखाली विद्वान घडला. तुम्हाला फोन चालवता आला नाही तरी चालेल. रात्री मुलाला जवळ बसवून "आज काय शिकलास, मला सांग" एवढे विचारा. ज्याला आईला सांगता येते, त्याला ते समजलेले असते. जेवताना आणि झोपताना फोन आईच्या उशाशी राहू द्या. बापानेही त्या वेळी आपला फोन खाली ठेवावा, नाहीतर मुले ऐकणार नाहीत.

जे एका घराला जमत नाही ते विहाराला जमते. १९४६ साली बाबासाहेबांनी सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. गरिबाची अडचण ओळखून शिक्षणाची वेळ ठरवली. आपली विहारे वंदनेनंतर कुलूपबंद का असावीत? संध्याकाळी सात ते नऊ तेथे अभ्यासिका चालवावी. फोन दाराजवळच्या पेटीत ठेवावेत. वर्गणीतून एक जुना संगणक घ्यावा. शिकलेल्या तरुणांनी आठवड्यातून दोन दिवस मुलांजवळ बसावे, आणि प्रवेशाच्या दिवसांत तेथेच शिष्यवृत्तीचे अर्ज भरून द्यावेत. मुलींना त्या संगणकावर पहिला हक्क असावा. जयंतीच्या मिरवणुकीतील डीजेचा खर्च थोडा कमी केला तरी एवढे सहज होईल.

बाबासाहेबांनी दादरला राजगृह बांधले ते ग्रंथांसाठी. आपल्या मुलांच्या खिशात आज ग्रंथालय आहे आणि जुगाराचा अड्डाही आहे. कोणते दार उघडायचे, हे त्यांना एकट्याने ठरवायला लावू नका. येत्या रविवारी वंदनेनंतर विहारात हा विषय काढा आणि अभ्यासिकेचा दिवस ठरवूनच उठा.

जयभीम!