दारातली जागा

मुंब्रा स्टेशनवर सकाळची लोकल येते ती भरूनच. कल्याण, डोंबिवली, दिवा करत आलेल्या गाडीच्या दारात माणसे आधीच लोंबकळत असतात. आम्हाला त्यांच्या बाहेरच्या बाजूला पाय टेकवायचा असतो. फास्ट लोकल इथे बहुतेक थांबतच नाहीत, धडधडत समोरून निघून जातात. उरते ती स्लो. सीएसएमटीपर्यंत चाळीसेक किलोमीटर, तासाभराहून अधिक वेळ.

आमच्या घरातून तिघे जण रोज हा प्रवास करतात. अब्बा मस्जिद स्टेशनला उतरतात, मोठी बहीण कुर्ल्याला, धाकटा भाऊ भायखळ्याला. अब्बांचा गुडघा दुखायला लागल्यापासून ते आधी उलट दिशेने डोंबिवलीला जातात आणि तिथून बसून परत येतात. पास लांबचा काढावा लागतो, फजरनंतर लगेच घर सोडावे लागते. इतके करूनही कधी कधी चौथी सीटच मिळते, म्हणजे तिघांच्या बाकावर अर्धे टेकणे.

या गर्दीला रेल्वेच्या भाषेत ‘सुपर डेन्स क्रश लोड’ म्हणतात. एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसे उभी! घरातली जानमाज अंथरून पाहा. ती त्याहून जरा लहानच असेल. तिच्यावर एक माणूस नमाज पढतो.

अंग दुखते, ते रात्री झोपल्यावर थांबते. स्वभाव बिघडतो, त्याचे काय? एकदा कळव्याला एक बाई कडेवर बाळ घेऊन लेडीज डब्यात चढू पाहत होती. आतून ओरडा झाला, ‘जागा नाही, मागची पकडा!’ त्यात आमच्या बहिणीचाही आवाज होता. गाडी सुटली, बाई प्लॅटफॉर्मवरच राहिली. घरी आलेल्या पाहुण्याला चहा पाजल्याशिवाय न सोडणारी ही मुलगी. त्या रात्री तिने स्वतःच हे सांगितले आणि जेवण अर्धवट टाकून उठली. आम्ही तिला काय बोलणार? असे ओरडलो नाही, असे आमच्यापैकी कोण म्हणू शकेल?

आणि हेच लोक रमजानमध्ये संध्याकाळच्या गाडीत हात हलवायला जागा नसताना खजुराची पिशवी डोक्यावरून पुढे सरकवतात. रोजा नसलेला शेजारीही पाण्याची बाटली काढून देतो.

९ जून २०२५ चा सोमवार मुंब्र्यात कुणी विसरलेले नाही. बकरी ईद शनिवारी झाली होती. सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल समोरासमोरून गेल्या, दारात लटकलेले प्रवासी एकमेकांना घासून रुळांवर पडले. चौघे त्याच दिवशी गेले. आमचा भाऊ त्या दिवशीही नेहमीप्रमाणे दारातच उभा होता, पण दुसऱ्या गाडीत. त्याचा फोन लागेपर्यंत अम्मी जिन्यात बसून होती.

त्यानंतर रेल्वेने नव्या साध्या लोकललाही आपोआप बंद होणारी दारे बसवण्याचे जाहीर केले. चांगलेच आहे. पण दार बंद झाल्यावर बाहेर राहिलेल्यांनी कशाने जायचे? गाड्या वाढल्या, मुंब्र्याला काही फास्ट थांबल्या, तर त्या दाराचा उपयोग. शिवाय सगळ्यांना दहाच्या आत हजर करण्याचा हट्ट कार्यालयांनी सोडला, तर एक पैसा खर्च न होता गर्दी थोडी पांगेल. हे पुरेशा गंभीरपणे बोलले जात नाही.

दारात उभे राहणार नाही, असा शब्द भावाने अम्मीला दिला आहे. गेल्या आठवड्यात एका सकाळी त्याने तीन गाड्या सोडल्या आणि चौथीत आत शिरला. ऑफिसात महिन्यातला तिसरा लेट मार्क लागला, अर्ध्या दिवसाचा पगार कापला गेला. घरी त्याने ते सांगितले नाही. अम्मीने पगाराची चिठ्ठी पाहिली, घडी घालून परत त्याच्या खिशात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी त्याचा डबा वीस मिनिटे आधी भरून ठेवला.