दहा बाय दहाला किती वॉट?

ब्लूटूथ स्पीकरच्या खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत वॉटचा आकडा असतो आणि तो बघून पाकीट काढणारे अजूनही कमी झालेले नाहीत, दुखणं ते आहे. नव्वदच्या दशकात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर टू-इन-वन धुंडाळत फिरलेल्यांना '१००० वॉट पीएमपीओ' आठवत असेल. तो आकडा कागदावरचा. प्रत्यक्षात चार-पाच वॉट निघाले तरी नशीब. आता थापा तेवढ्या मोठ्या नसतात, पण मोह तोच.

वॉट दुप्पट केले की आवाज वाढतो जेमतेम ३ डेसिबल. कानाला आवाज दुप्पट वाटायचा तर साधारण दहापट वॉट लागतात. म्हणजे २० वॉटचा सोडून ४० वॉटचा घेतला तर फरक पडतो तो मुख्यतः बिलात. झोपडपट्टी पुनर्वसनातल्या, म्हणजे 'एसआरए'च्या ३०० चौरस फुटांच्या घरात हॉल तो केवढा असणार! तिथे एक-दोन वॉट खरोखर वापरात आले तरी गप्पा थांबवाव्या लागतात. सारेगामाचं 'कारवां' २०१७ साली आलं आणि थेट आजी-आजोबांच्या उशाशी जाऊन बसलं, ते काही वॉटच्या बळावर नाही. आत भरलेल्या ५,००० गाण्यांच्या बळावर.

लहान खोलीची खरी अडचण खर्जाची. दहा फुटांवर समोरासमोर भिंती असल्या की ५६ हर्ट्झच्या आसपासचा सूर त्यांच्यात घुमत राहतो, आणि खोली चौरस असेल तर लांबी-रुंदी दोन्ही त्यालाच सामील होतात. त्यात स्पीकर कोपऱ्यात, लोखंडी कपाटावर ठेवलेला. मग 'एक्स्ट्रा बास'चं बटण दाबलं की गाणं कमी आणि धम्म-धम्म जास्त. शिवाय चार इंची भिंतीतून शेजाऱ्यांकडे शब्द जात नाहीत, पोचतो तो नेमका हा धम्मकार. रंगीत दिवे लुकलुकवणारे पार्टी स्पीकर लोक वन रूम किचनमध्ये कशासाठी आणतात, मला खरंच कळत नाही.

मी स्पीकर जोखतो तो तानपुऱ्यावर. दुकानातला पोरगा तोंड वाकडं करतो, करू दे. काळी एकला गाणाऱ्या गायकाच्या तानपुऱ्यातली खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास असते. मुठीएवढ्या स्पीकरला तो सूर झेपतच नाही, तरीही आपल्याला खर्ज ऐकू येतो! कारण त्या तारेतून १३९, २०८, २७७ असे वरचे स्वरांशही निघतात, आणि त्यांच्यातलं समान अंतर हेरून मेंदू खालचा षड्ज आपला आपण भरून काढतो. तानपुरा या स्वरांशांच्या बाबतीत किती श्रीमंत आहे, हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी कलकत्त्यात बसून १९२१ साली दाखवून दिलं होतं. तार जिथे छेडली जाते तिथल्या नियमानुसार जे स्वरांश उमटूच नयेत, तेही जव्हारीच्या घोडीमुळे ठणठणीत वाजतात, हे त्यांचं निरीक्षण. नोबेल मिळायला तेव्हा अजून नऊ वर्षं होती.

म्हणून तानपुऱ्यात खर्ज शोधू नका, जव्हारी शोधा. षड्जाच्या भोवती ती बारीक रुणझुण स्वच्छ लागते का, की सगळ्यावर गोधडी पांघरल्यासारखं वाटतं? बास फुगवलेले स्पीकर इथेच नापास होतात. मग तबला लावा. अर्ध्या आवाजात डग्ग्याचा घुमारा नीट ऐका, आणि आवाज पूर्ण चढवा. बऱ्याच छोट्या स्पीकरांत डग्गा तिथल्या तिथे गायब होतो, चाटीची किनार तेवढी कानावर आपटत राहते. पडदा फाटू नये म्हणून आतली चिप खालचे सूर छाटते. त्यात लबाडी नाही, पण खोक्यावर ते कुणी छापत नाही.

राहता राहिलं 'स्टिरिओ'. ॲलन ब्लुमलाइन या इंजिनिअरने १९३१ मध्ये इंग्लंडात या तंत्राचं पेटंट मागितलं. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण व्हावा, ही आजही सर्वमान्य मांडणी. म्हणजे ६० अंशांचा कोन. एकाच डब्यात वीतभरापेक्षा कमी अंतरावर बसवलेले दोन पडदे दोन मीटरवरून ऐकले तर कोन भरतो जेमतेम चार अंश. डावं-उजवं कसलं घेऊन बसलात! तेवढ्याच पैशांत एकाच मॉडेलचे दोन लहान स्पीकर घ्या, ते जोडीने वाजतात ना याची दुकानातच खात्री करा, आणि टीव्हीच्या दोन बाजूंना चार-पाच फुटांवर, भिंतीपासून जरा सुटे ठेवा. टीव्हीलाच जोडणार असाल तर ऑक्सची वायर लागते का तेही बघा. ब्लूटूथवर बऱ्याचदा ओठ आधी हलतात आणि संवाद मागून येतो.

निघताना दुकानदाराला एवढंच विचारा, बॅटरी बसली तर बदलून मिळते का? लिथियमची बॅटरी आज ना उद्या दगा देणारच. तो 'नवीनच घ्या ना साहेब' म्हणाला, तर खोकं परत काउंटरवर.