गिंडीच्या सावलीतला नवरंग

पावसाळ्यात कोकणातल्या झाडीत शीळ घालणारा नवरंग पक्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात दक्षिण गाठतो, तेव्हा चेन्नईतही उतरतो. ऐन शहरात गिंडी राष्ट्रीय उद्यान आहे, जेमतेम २.७ चौरस किलोमीटरचं, शुष्क सदाहरित जंगलाचं. १९७८मध्ये त्याला हा दर्जा मिळाला. आतल्या जंगलात परवानगीशिवाय जाता येत नाही. पण प्रवासाने थकलेले नवरंग लोकांच्या परसातही सापडतात.

त्यांचा फोटो काढायचा तर पहिली अडचण कॅमेऱ्याचीच. एसी खोलीतून तो दमट हवेत आणला की थंड काचेवर लगेच बाष्प धरतं. पुसून उपयोग नाही, ते पुन्हा जमतं. कॅमेरा बंद बॅगेतच अर्धा-पाऊण तास बाहेर ठेवावा; काच हवेइतकी कोमट झाली की मग उघडावा.

नवरंग जमिनीवर पालापाचोळा उलथून किडे टिपतो. म्हणून आपणही खाली बसायचं, लेन्स बीनबॅगवर टेकवायची आणि हलायचं नाही. पाठलाग केलात तर फक्त शेपटीखालचा लाल रंग झुडपात शिरताना दिसेल! तो दोन-तीन उड्या मारतो आणि थबकतो. त्या थबकण्यात क्लिक करायचं. मग शटर १/१६० असला तरी चालतो. आयएसओ ३२०० किंवा ६४०० लागला तर लावावा. फोटोतले दाणे नंतर कमी करता येतात, हललेला डोळा दुरुस्त होत नाही. फोकसचा बिंदू एकच ठेवावा, डोळ्यावर. नाहीतर कॅमेरा मधली काडी पकडतो.

खरी गोम उजेडाची. काळपट पाचोळा पाहून कॅमेरा सगळं चित्र उजळवतो आणि नवरंगाचा पांढरा गळा जळतो. एक्स्पोजर अर्धा-पाऊण स्टॉप उणे ठेवावं. फ्लॅश आणि मोबाइलवरची शीळ, दोन्ही नकोत: दमलेल्या पाहुण्याला पोट भरू द्यावं.

चेन्नईचे निसर्गलेखक-छायाचित्रकार एम. कृष्णन कृष्णधवल फोटो काढत. नवरंगाच्या बाबतीत मात्र मी रंगाच्या बाजूचा. पानांतून गाळून आलेला उजेड पक्ष्यावर हिरवट छटा चढवतो, त्यामुळे फोटो रॉमध्येच घ्यावा. संगणकावर व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर सावलीतल्या गळ्यावर टेकवला की छटा बरीचशी उतरते. गळा जळलेला असेल तर ही सोयही गेली.