नेट गेलं तरी बिल निघतं

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एखाद्या टॉवेल कारखान्यात नेट गेलं की ऑफिसात पहिली ओरड, "आता बिल कसं काढायचं?" काढा की! बिलाचं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवरच असेल आणि प्रिंटर त्याच राउटरला जोडलेला असेल, तर बिलाचा मजकूर बाहेर जातच नाही.

कॉम्प्युटरचा पत्ता समजा 192.168.1.5, प्रिंटरचा 192.168.1.20. पहिले तीन आकडे सारखे, म्हणजे गिऱ्हाईक घरातलंच, हे कॉम्प्युटर स्वतःच ताडतो. 'वीस नंबर कोण?' असा पुकारा होतो, प्रिंटर ओ देतो आणि राउटरमधला स्विच मजकूर थेट पोचवतो.

पत्ता बाहेरचा असला की खरी गंमत. 192.168 ने सुरू होणारे पत्ते 1996च्या नियमाने खासगी वापरासाठी राखीव आहेत. जुळे सोलापुरातही तेच, अशोक चौकातही तेच. इंटरनेटवर ते चालत नाहीत. म्हणून राउटर आतला पत्ता खोडून बाहेरचा घालतो, सोबत एक पोर्ट क्रमांक देतो आणि नोंद ठेवतो. उत्तर आलं की नोंद बघून ते मोबाइलला द्यायचं की कॉम्प्युटरला, हे ठरतं. नोंद नसलेलं आगंतुक सहसा दारातच अडतं. जुन्या पद्धतीचे पत्ते जगात जेमतेम 429 कोटी, त्या टंचाईतून निघालेली ही युक्ती. सुरक्षा हा वरकड फायदा.

राउटरचीच वीज गेली, तर मात्र प्रिंटरही गप्प. तेव्हा यूपीएस आधी राउटरला लावा.