फांशीची शिक्षा : बापाचा पक्ष व मुलाचा पक्ष

ज्या वाचकांचें बालपण किंवा तारुण्य पुण्यांत गेलें, त्यांस इ. स. १९७६ चा हिंवाळा वर्णन करून सांगण्याची आवश्यकता नाहीं. ऑक्टोबरच्या अखेरीस एका घरांत तिघांचे, आणि महिना उलटतो न उलटतो तोंच १ डिसेंबर रोजीं भांडारकर रस्त्यावरील एका बंगल्यांत पांच जणांचे खून झाले. त्या पांचांत काशीनाथशास्त्री अभ्यंकर होते. ज्यांच्या पित्यानें, वासुदेवशास्त्र्यांनीं, पतंजलीचें महाभाष्य मराठींत आणिलें, व ज्यांनीं स्वतः संस्कृत व्याकरणाचा कोश रचिला, ते हे वयोवृद्ध पंडित. आम्ही त्या वेळीं सोळा वर्षांचे होतों. आमचे गुरुजी तो कोश उघडण्यापूर्वीं हात धुवीत असत. बातमी आली त्या दिवशीं त्यांनीं पाठ घेतला नाहीं. दिवेलागणीनंतर रस्त्यावर माणूस दिसेनासें झालें. आमच्या घरीं दाराला दुसरा अडसर बसला, आणि ओळखीचा आवाज आल्यावांचून कडी काढावयाची नाहीं, असा आजोबांचा हुकूम सुटला.

पुढें चार तरुण पकडले गेले. ते चित्रकलेचे विद्यार्थी होते, ही गोष्ट प्रथम कोणास खरीच वाटेना. एकंदर दहा जीव त्यांनीं घेतले होते. १९७८ सालीं सेशन्स कोर्टानें फांशी सुनावली, हायकोर्टानें ती कायम केली, १९८० सालीं सुप्रीम कोर्टानेंही अपील फेटाळलें, आणि २७ नोव्हेंबर १९८३ रोजीं येरवड्याच्या तुरुंगांत चौघांस फांशी देण्यांत आली. वडिलांनीं वर्तमानपत्राची घडी करून ठेविली, आणि 'न्याय झाला' एवढेंच ते बोलले. आम्हांसही तसेंच वाटलें. आज चाळीस वर्षांनंतरही त्या चौघांविषयीं आमच्या मनांत हळहळ उपजत नाहीं, हें आरंभींच सांगितलेलें बरें. नाहींतर पुढील मजकूर वाचून कोणी आम्हांस भूतदयेनें विरघळलेला मनुष्य समजावयाचा.

फांशी असावी कीं नसावी, हा वाद नवा नाहीं, आणि तो विलायतेंतूनही आलेला नाहीं. प्रजेचें रक्षण तर करावयाचें व हिंसाही घडूं द्यावयाची नाहीं, हें राजाला कसें साधावें, असें युधिष्ठिर शांतिपर्वांत विचारतो, तेव्हां भीष्म त्यास द्युमत्सेन राजा व त्याचा पुत्र सत्यवान यांचा संवाद सांगतात. आपल्या घरांतील स्त्रिया वटपौर्णिमेस सावित्रीबरोबर ज्याचें स्मरण करतात तोच हा सत्यवान. यमाच्या पाशांतून सुटलेल्या माणसाच्याच तोंडीं हा पक्ष यावा, याचें आम्हांस नेहमींच कौतुक वाटत आलें आहे.

पित्याच्या आज्ञेवरून कांहीं अपराधी वधासाठीं आणिले असतां सत्यवान आड येतो. वध हा धर्म होऊं शकत नाहीं, असें तो म्हणतो. बाप व्यवहार जाणणारा आहे. दस्यूंना मारूं नये तर लोकयात्रा चालावी कशी, हा त्याचा प्रश्न. त्यावर मुलाचें उत्तर असें कीं, एका दस्यूस मारिलें म्हणजे त्याची बायको, आई, बाप व पोर हीं निरपराध माणसेंही मारलीं जातात. शिवाय दुष्टालाही केव्हां केव्हां शील लाभतें, व दुष्टाच्या पोटीं चांगली संतति निपजते; म्हणून मुळावर घाव न घालतां, देह न नासतां शासन करावें. द्युमत्सेन हटत नाहीं. पूर्वीं माणसें सौम्य होतीं तेव्हां नुसता धिक्कार पुरे होई, मग कठोर शब्द लागले, मग द्रव्यदंड लागला, आणि आतां वधानेंही कित्येक आवरत नाहींत, असें तो सांगतो. वाचकांनीं पाहावें कीं, या शेवटच्या बोलानें म्हाताऱ्यानें आपल्याच भिंतीला भगदाड पाडिलें आहे. जे वधानेंही आवरत नाहींत, त्यांच्यापुढें वधाचा धाक घालून काय मिळविलें? पुण्याचे चौघे कायद्यास अजाण नव्हते. त्रावणकोर संस्थानानें १९४४ सालीं फांशी बंद केली होती. ती नसतांना, १९४५ ते १९५० या काळांत, तेथें ९६२ खून झाले. ती पुन्हां आल्यानंतरच्या पांच वर्षांत ९६७.

कायदा या दोन पक्षांच्या मधून हळूहळू मुलाकडे सरकत आला आहे. १८९८ च्या फौजदारी संहितेप्रमाणें खुन्यास फांशी न दिल्यास न्यायाधीशास त्याचें कारण लिहावें लागे. १९५५ सालीं ती अट गेली, आणि १९७३ च्या संहितेनें उलटाच नियम घातला : फांशी द्यावयाची असेल तर विशेष कारण द्या. १९८० सालीं बच्चनसिंगाच्या खटल्यांत पांचांपैकीं चार न्यायमूर्तींनीं फांशी घटनेस धरून आहे असें ठरविलें, परंतु ती दुर्मिळांतील दुर्मिळ प्रसंगींच द्यावी असें बंधन घातलें. पांचवे न्या. भगवती. ही शिक्षा लहरीवर चालते व गरिबाच्याच गळ्यांत अधिक पडते, असें त्यांचें म्हणणें होतें. आम्हां स्मृति वाचणारांस यांत नवल वाटूं नये. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत ब्राह्मणास देहान्त दंडाऐवजीं मुंडन सांगितलें आहे! पाठ देतांना तो श्लोक आम्ही भराभर उरकीत असूं. आतां तसें करवत नाहीं.

कारण नाशिकची गोष्ट. २००३ सालीं जून महिन्यांत नाशिकजवळ दरोडेखोरांनीं एका घरांतील पांच माणसें मारिलीं व स्त्रियांची विटंबना केली. भटक्या जमातींतले सहा गरीब मजूर पकडले गेले. खालच्या कोर्टानें सहाही जणांस फांशी सांगितली; हायकोर्टानें तिघांची जन्मठेपेवर आणिली; २००९ सालीं सुप्रीम कोर्टानें पुन्हां सहाही जणांस फांशीच दिली. आणि मार्च २०१९ मध्यें त्याच कोर्टानें सहाही जण निर्दोष ठरविले. वांचलेल्या साक्षीदारानें पोलिसांकडील छायाचित्रांतून निराळेच चार इसम दाखविले होते, व त्यांचा माग कोणी घेतलाच नव्हता. सहांतला एक तर गुन्ह्याच्या वेळीं अज्ञान होता. प्रत्येकास पांच लाख रुपये सरकारनें द्यावे, असा हुकूम झाला.

आमचा पुतण्या वकिली करतो. त्या दिवशीं पंगतीला बसल्यावर त्यानें विचारलें, "काका, २००९ सालीं हा निकाल वाचून तुम्ही काय म्हणालां होतां, आठवतें?"

आठवत होतें. 'न्याय झाला' असेंच आम्ही म्हणालों होतों. वडिलांचेच शब्द, त्याच सुरांत. शास्त्रीबुवांचे मारेकरी आणि हे सहा मजूर, दोहोंच्या निकालांत खात्रीची भाषा तीच होती, आणि ती वाचून आमच्या मनाला झालेलें समाधानही तेंच होतें. कोणती खात्री खरी, हें आम्हांस एकदांही बाहेरून ओळखतां आलें नाहीं. सोळा वर्षांनीं कां होईना, तुरुंगाचा दरवाजा उघडतां येतो.

"मग पुण्याच्या त्या चौघांचें काय?" आम्हीं विचारलें. त्यांच्याच सोबत्यांपैकीं एक माफीचा साक्षीदार होऊन सुटला होता, आणि एकानें तुरुंगांत आत्मकथा लिहिली होती, हेंही मनांत आलें. सत्यवानास तेवढें पुरलें असतें.

"जन्मभर आंत ठेवावयाचें, काका. सोडून द्या असें कोण म्हणतो?"

२०१५ सालीं विधि आयोगानें शिफारस केली ती जवळजवळ अशीच : दहशतवाद व देशाविरुद्ध युद्ध हे गुन्हे वगळून बाकी सर्वत्र फांशी बंद करावी. ज्यांच्या घरचें माणूस मारलें गेलें त्यांच्या ओसरीवर बसून ही शिफारस वाचून दाखविण्याचें धैर्य आमच्या अंगीं नाहीं. तथापि मत विचारलें तर आतां आम्ही त्या शिफारशीच्या बाजूनें देऊं. पुतण्यास तो अपवादही नको आहे. आम्ही अजून तेथवर पोंचलों नाहीं. भांडारकर रस्त्यावरून जातांना आमचें पाऊल आजही जरा झपाट्यानेंच पडतें.